सिनेटातील अध्यापक: मुंबई विद्यापीठाच्या कारभारातील शिक्षक-प्रतिनिधित्वाचा इतिहास

विद्यापीठाचा कारभार अध्यापकांनी स्वतः चालवायचा की त्यांच्या वतीने इतरांनी, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्येच तयार झालेली होती आणि मुंबई इलाख्याच्या वाट्याला त्यांपैकी दुसरे आले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही मुळात अध्यापकांची स्वायत्त मंडळे होती. आजही ऑक्सफर्डची ‘काँग्रिगेशन’ आणि केंब्रिजचे ‘रीजंट हाऊस’ या, मुख्यतः तेथील अध्यापकवर्गाच्या बनलेल्या, सभा त्या विद्यापीठांत निर्णयाचा अंतिम अधिकार बाळगून आहेत. 1836 मध्ये सनद मिळालेले लंडन विद्यापीठ मात्र शिकवत नव्हते. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम आणि परीक्षा घेऊन पदव्या देणे हे विद्यापीठाचे काम, अशी त्याची वाटणी होती. चार्ल्स वुडच्या 1854 च्या खलित्याने हिंदुस्थानातील नियोजित विद्यापीठांसाठी हाच लंडनचा नमुना सांगितला, आणि 18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना करणारा त्या वर्षाचा 22 वा कायदा झाला, तेव्हा ज्या संस्थेत एकही अध्यापक नोकरीला नव्हता अशा संस्थेला इलाख्यातील सर्व अध्यापनाचे नियमन करण्याचा अधिकार मिळाला. पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत अध्यापकाला या संस्थेच्या कारभारात जागा मिळत गेली ती या मूळ घडणीशी झगडतच.

1857 च्या कायद्याची रचना वरवर पाहता साधी होती. कुलपती, कुलगुरू आणि ‘फेलो’ मिळून ‘सिनेट’ ही सभा बनत असे आणि विद्यापीठ म्हणजेच ही सभा, असे कायद्याचे म्हणणे होते. ‘फेलो’ हा शब्द येथे शिष्यवृत्तीधारक या आजच्या अर्थाने घ्यायचा नाही. फेलो म्हणजे विद्यापीठाचा सभासद, आणि तो गव्हर्नराने नेमलेला व तहहयात असे. कुलपतीपद पदसिद्ध म्हणजे हुद्द्याबरोबर आपोआप येणारे होते, म्हणून पहिले कुलपती गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन. पहिले कुलगुरू होते सर विल्यम यार्डली, मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. विद्यापीठाच्या सर्व व्यवहारांवर देखरेख करण्याचा अधिकार कायद्याने सिनेटकडे दिला होता, परंतु सिनेटने केलेला नियम सरकारच्या मंजुरीशिवाय अमलात येत नसे, आणि रोजचा कारभार ‘सिंडिकेट’ या छोट्या मंडळाकडे होता, ज्यात कुलगुरू आणि विद्याशाखांनी आपल्यातून निवडून दिलेले मोजके फेलो बसत. सर्वांत वर सरकार, मध्ये शोभेची मोठी सभा आणि तिच्या आत प्रत्यक्ष काम करणारे छोटे मंडळ, हा साचा पुढे नावे बदलत टिकून राहिला, आणि अध्यापकांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न नेहमी या तीनपैकी नेमक्या कोणत्या पायरीवर त्यांना बसू दिले जाते, असाच राहिला.

पहिल्या फेलोंमध्ये अध्यापक नव्हते असे नाही. एल्फिन्स्टन कॉलेज, पुण्याचे पूना कॉलेज (पुढचे डेक्कन कॉलेज) आणि ग्रँट मेडिकल कॉलेज यांसारख्या सरकारी महाविद्यालयांचे प्रमुख सिनेटात होते. परंतु ते तेथे होते ते सरकारी अधिकारी म्हणून किंवा गावातील मान्यवर गृहस्थ म्हणून, अध्यापनाच्या व्यवसायाचे प्रतिनिधी म्हणून नव्हे. न्यायाधीश, धर्मगुरू, डॉक्टर, लष्करी इंजिनिअर, व्यापारी आणि शेट यांच्यासोबत प्राध्यापकही एक. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे मोजके एतद्देशीय फेलोही त्याच न्यायाने आले. कुलगुरुपद तर जवळजवळ न्यायमूर्तींच्या मालकीचे झाले होते. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट किंवा मिशनरी शिक्षणतज्ज्ञ जॉन विल्सन हे अपवाद. बाकी यादी वाचताना उच्च न्यायालयाची पटावळ वाचल्याचा भास होतो. पहिले हिंदी कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेसुद्धा 1892 मध्ये त्या पदावर आले तेव्हा उच्च न्यायालयाचे न्यायाधीशच होते. त्यांच्यानंतर 1893 मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलगुरू झाले, आणि ज्याने आयुष्य वर्गात शिकवण्यात घालवले असा पहिला हिंदी माणूस विद्यापीठाच्या प्रमुखपदी बसला. 1862 मध्ये पदवी घेणाऱ्या पहिल्या तुकडीत त्यांच्यासह महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते, हे लक्षात घेतले तर विद्यापीठाला आपलाच पदवीधर-अध्यापक वर बसवायला तीस वर्षे लागली असे म्हणता येईल.

अभ्यासक्रम कोणी ठरवायचा, या प्रश्नावर या रचनेचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो देशी भाषांच्या बाबतीत. आरंभीच्या परीक्षांत मराठी, गुजराती इत्यादी भाषांना स्थान होते, पण 1860 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ग्रँट यांच्या पुढाकाराने उच्च परीक्षांतून त्या वगळल्या गेल्या आणि त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन, अरबी अशा अभिजात भाषा आल्या. देशी भाषांत पदवीच्या दर्जाचे वाङ्मय नाही, हे त्यामागचे कारण सांगितले जाई. हा निर्णय फिरवण्यासाठी रानड्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात सिनेट आणि सिंडिकेट या दोन्ही ठिकाणी जो पाठपुरावा केला, त्याचे फळ म्हणून त्यांच्या निधनाच्या सुमारास, म्हणजे 1901 मध्ये, एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. चाळीस वर्षे मराठीचा अध्यापक नावाची व्यक्ती विद्यापीठाच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती, आणि मराठीचा कैवार घेणारे रानडे तेव्हा अध्यापक नव्हते, न्यायमूर्ती होते. सभेत त्या विषयाच्या जाणकाराला बसवण्याऐवजी सामाजिक वजन असलेल्या माणसाला बसवले, की विषयाचे भवितव्य कोणाच्या व्यक्तिगत आस्थेवर अवलंबून राहते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

विद्यापीठात जी गोष्ट नव्हती ती त्याच काळात पुण्यात एका खाजगी संस्थेने करून पाहिली, आणि हा प्रयोग अध्यापकांच्या स्वराज्याच्या इतिहासात विद्यापीठाच्या कोणत्याही कायद्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. 1880 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, महादेव बल्लाळ नामजोशी आणि गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. या संस्थेचा कणा होता ‘आजीव सभासद’, म्हणजे अल्प वेतनावर ठरावीक दीर्घ मुदतीपर्यंत संस्थेची सेवा करण्याचे वचन देणारा शिक्षक. ही मुदत वीस वर्षांची मानली जाई. महत्त्वाचे हे की हे आजीव सभासद नोकर नव्हते. शाळा-कॉलेजच्या अंतर्गत व्यवस्थेचे निर्णय ते स्वतःच बहुमताने घेत. वेळापत्रक कोणी आखायचे, कोणत्या वर्गावर कोण जायचे, नवा माणूस घ्यायचा की नाही, या गोष्टी पैसे देणाऱ्या आश्रयदात्यांच्या नव्हे तर शिकवणाऱ्यांच्या हातात होत्या. संस्थानिक आणि सरदार आश्रयदाते म्हणून संस्थेत होते, त्यांच्या देणग्याही घेतल्या जात, पण पैसे आणि कारभार यांमध्ये एक रेषा आखलेली होती.

स्वराज्य म्हटले की भांडणे आली, आणि ती येथेही आली. आजीव सभासदाने बाहेर काम करून उत्पन्न मिळवावे का, संस्थेबाहेरील सार्वजनिक कार्यात किती वेळ घालवावा, पगारवाढ आणि देणगी यांची वाटणी कशी व्हावी, यांवर दोन तट पडले. टिळकांचा आग्रह असा होता की शिक्षकाने जेझुइट पंथाच्या साधूप्रमाणे सर्व शक्ती संस्थेलाच वाहावी. आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी यांना एवढा कडकपणा मान्य नव्हता. सार्वजनिक सभा या पुण्यातील राजकीय संस्थेच्या चिटणिसाचे काम गोखल्यांनी स्वीकारल्यावर वाद टोकाला गेला आणि 1890 च्या अखेरीस टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. पुण्याच्या राजकारणाच्या इतिहासात ही घटना दोन नेत्यांमधल्या फुटीची सुरुवात म्हणून सांगितली जाते, आणि ते बरोबरही आहे. पण शिक्षणसंस्थेच्या कारभाराच्या दृष्टीने पाहिले तर हा वाद मालक आणि नोकर यांचा नव्हता, तर समान अधिकार असलेल्या सहकाऱ्यांचा होता, बहुमताने निकाली निघाला आणि हरलेल्या बाजूच्या माणसाने बाहेर पडणे पत्करले. पुढे महाराष्ट्रातील अनेक शिक्षणसंस्थांनी ‘आजीव सेवक’ ही पद्धत उचलली. तीमधला त्याग सर्वांनी घेतला. अधिकार मात्र सर्वांनी तेवढ्या उत्साहाने घेतला नाही, हा एक वेगळा आणि लांबचा विषय आहे.

विद्यापीठाच्या कायद्यात अध्यापकाला वर्ग म्हणून पहिले स्थान मिळाले ते एका विपरीत प्रसंगी. तहहयात फेलोंची संख्या फुगत गेली होती, अनेकांसाठी फेलोशिप हा केवळ मान होता, आणि व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला विद्यापीठे सुधारायची होती. टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखालील 1902 च्या आयोगानंतर 1904 चा हिंदी विद्यापीठांचा कायदा झाला. त्याने सिनेटची सदस्यसंख्या पन्नास ते शंभर यांच्या मर्यादेत आणली, फेलोंची मुदत पाच वर्षांची केली, आणि मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे वीस फेलो निवडून येतील अशी तजवीज केली. दहा पदवीधरांकडून किंवा सिनेटकडून आणि दहा विद्याशाखांकडून. उरलेल्या मोठ्या हिश्श्याचे नामनिर्देशन कुलपती करणार होते. याच कायद्यात नेमणुका करताना निदान दोन-पंचमांश माणसे शिक्षणाच्या व्यवसायातील असावीत अशी अट होती, आणि सिंडिकेटमध्येही महाविद्यालयांचे प्रमुख व प्राध्यापक निम्म्याच्या आसपास असावेत असा त्याचा रोख होता. अध्यापन हा एक व्यवसाय आहे आणि त्या व्यवसायाला विद्यापीठात स्वतःचे स्थान हवे, हे कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा म्हटले गेले ते येथे.

राष्ट्रीय पक्षाने या कायद्याला कडाडून विरोध केला, आणि त्यामागची कारणे समजून घेतली पाहिजेत. एरवी अध्यापकांना जागा देणाऱ्या कायद्याला फर्ग्युसनचे माजी प्राध्यापक असलेले गोखले केंद्रीय कायदेमंडळात विरोध करतात, हे कोड्यासारखे वाटेल. ‘शिक्षणाच्या व्यवसायातील’ म्हणजे त्या काळी प्रामुख्याने सरकारी महाविद्यालयांतील युरोपीय प्राध्यापक; त्यांची नेमणूक सरकारने करायची, त्यांना सिनेटवर सरकारनेच नामनिर्देशित करायचे, आणि मग सिनेट तज्ज्ञांचे झाले असे म्हणायचे, हा डाव विरोधकांना दिसत होता. वकील, डॉक्टर आणि संपादक असलेल्या स्वतंत्र वृत्तीच्या हिंदी फेलोंची गळचेपी हाच त्याचा परिणाम होणार होता. मुंबईच्या सिनेटातील अनभिषिक्त नेते सर फिरोजशहा मेहता यांनी हा लढा न्यायालयात नेला. नव्या सिनेटची घडण व अंतरिम सिंडिकेटची नेमणूक करणाऱ्या सरकारी अधिसूचना कायद्याच्या कक्षेबाहेरच्या आहेत असा त्यांचा दावा होता, आणि तो पुरेसा बळकट असावा, कारण उच्च न्यायालयाचा निकाल येण्याची वाट न पाहता सरकारने 1905 मध्ये त्या अधिसूचनांना वैध ठरवणारा स्वतंत्र कायदाच करून टाकला. अध्यापकांचा कारभारातील वाटा आणि विद्यापीठाची सरकारपासूनची स्वायत्तता या दोन गोष्टी एकच नाहीत, एकीच्या नावाखाली दुसरीचा बळी देता येतो, हे या प्रकरणातून जेवढे ठळकपणे दिसले तेवढे पुढे फार क्वचित दिसले.

सरकारी मान्यता नको असेल तर काय करता येते, हे 1916 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने दाखवले. त्याचे पहिले कुलपती भांडारकर आणि पहिले कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, म्हणजे दोघेही अध्यापक; आणि त्याच्या सिनेटची निवड पदवीधर व वर्गणीदार यांच्या मतांवर होत असे, सरकारी नामनिर्देशनावर नव्हे. कायद्याने मान्य झालेले विद्यापीठ म्हणून त्याला स्थान मिळायला मात्र 1951 पर्यंत थांबावे लागले.

मुंबई विद्यापीठ हळूहळू शिकवूही लागले होते. 1919 मध्ये समाजशास्त्र व नागरिकशास्त्राच्या अध्यापनासाठी पॅट्रिक गेडीस आले, 1933 मध्ये रसायन तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. विद्यापीठाला स्वतःचे प्राध्यापक मिळाल्यावर जुनी चौकट अपुरी पडू लागली. कलकत्ता विद्यापीठावरील सॅडलर आयोगाने 1919 मध्ये असे सुचवले होते की मोठी प्रातिनिधिक सभा, छोटे कार्यकारी मंडळ आणि अभ्यासविषयक प्रश्नांसाठी केवळ विद्वानांचे मंडळ, असे तीन वेगवेगळे घटक असावेत. मुंबईने ही कल्पना सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील सुधारणा समितीमार्फत स्वीकारली. सेटलवाड हे नामांकित वकील आणि 1917 पासून 1929 पर्यंत सलग बारा वर्षे कुलगुरू. 1928 च्या मुंबई विद्यापीठ कायद्याने ‘ॲकॅडेमिक कौन्सिल’, म्हणजे आजच्या भाषेत विद्यापरिषद, अस्तित्वात आणली आणि सिनेटमध्ये निवडणुकीचा भाग वाढवला. हा बदल वरकरणी तांत्रिक वाटतो, पण परिणामांनी फार मोठा होता. अभ्यासक्रम, परीक्षेची काठिण्यपातळी, विषयांची मान्यता या गोष्टींचा विचार आता न्यायाधीश आणि व्यापारी यांच्या सभेत होणार नव्हता. तो अध्यापकांच्या घरात आला. मात्र त्याच वेळी पैसा आणि नेमणुका या दोन गोष्टी त्या घराबाहेरच राहिल्या. ‘शैक्षणिक’ आणि ‘प्रशासकीय’ अशी जी फाळणी आज प्रत्येक विद्यापीठात गृहीत धरली जाते, तिचे बीज येथे पडले, आणि अध्यापकांना पहिल्या खोलीची किल्ली देऊन दुसरीच्या दाराबाहेर ठेवण्याची सवय विद्यापीठाला तेव्हापासूनच जडली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई विद्यापीठाचा अफाट प्रदेश तुटत गेला आणि राज्यात इतर विद्यापीठेही उभी राहिली. पुणे विद्यापीठ 1949 मध्ये, औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ 1962 मध्ये सुरू झाले, नागपूरचे विद्यापीठ तर 1923 पासून होतेच. मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव राहिलेले होते, त्यामुळे मुंबईची प्रशासकीय वहिवाट नव्या ठिकाणीही पोहोचली. 1953 च्या नव्या मुंबई विद्यापीठ कायद्याने शहरापुरत्या उरलेल्या विद्यापीठाची रचना महाविद्यालयांच्या सहकार्यावर उभारली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जगभर विद्यार्थी आणि अध्यापक कारभारातील वाटा मागू लागले तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांच्या कारभाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्याकडे गेले. ते भारताचे माजी सरन्यायाधीश आणि त्या वेळी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे यार्डली यांच्यापासूनची न्यायमूर्ती-कुलगुरूंची परंपरा शतकानंतरही संपलेली नव्हती.

महाराष्ट्रात अध्यापकांच्या प्रतिनिधित्वाचा सर्वांत गजबजलेला काळ 1974 नंतरचा. त्या वर्षी राज्यातील विद्यापीठांसाठी जवळपास एकसारखे, पण प्रत्येकी स्वतंत्र असे कायदे झाले आणि सिनेट, कार्यकारी परिषद, विद्यापरिषद, विद्याशाखा, अभ्यासमंडळ या सर्व स्तरांवर अध्यापकांच्या निवडणुका होऊ लागल्या. याच काळात महाविद्यालयीन अध्यापक संघटित झाले: मुंबईत ‘बुक्टू’, पुण्यात ‘पुक्टो’, विदर्भात ‘नुटा’ आणि या सर्वांचा महासंघ ‘एमफुक्टो’, अशी ही नावे, जी महाराष्ट्रातल्या कोणत्याही स्टाफरूममध्ये उलगडून सांगावी लागत नाहीत. वेतन, सेवाशर्ती, निवृत्तिवेतन हे संघटनांचे मुख्य विषय. पण वेतनाची लढाई रस्त्यावर आणि नियमांची लढाई सिनेटात, अशी त्यांनी दुहेरी रचना केली. नुटाचे प्रा. बी. टी. देशमुख यांनी विधान परिषदेत अमरावती पदवीधर मतदारसंघाचे दीर्घकाळ प्रतिनिधित्व केले, आणि कायदा, परिनियम व शासननिर्णय यांतील प्रत्येक स्वल्पविरामाचा हिशोब मागणारा अध्यापक-प्रतिनिधी अशी एक जातकुळीच त्या पिढीने घडवली. ‘परिनियम’ म्हणजे विद्यापीठाच्या कायद्याखाली तयार झालेले नियम; त्यांच्या मसुद्यावर सिनेटात रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या चर्चा ही या काळाची खूण होती. या निवडणुकांतून गटबाजी, पॅनलचे राजकारण आणि परीक्षक म्हणून नेमणुका वाटून घेण्याची प्रवृत्तीही वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. सिनेट हा आखाडा झाला अशी तक्रार पुढच्या सर्व सुधारकांनी केली, आणि ती तक्रार नेमकी सिनेटमधील अध्यापकांचा आवाज सर्वांत मोठा असतानाच सर्वांत जोरात केली गेली.

1994 चा महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम हा राज्यातील सर्व अकृषी विद्यापीठांसाठी एकच कायदा होता. त्याने कार्यकारी परिषदेच्या जागी ‘व्यवस्थापन परिषद’ आणली. नावातला हा बदल अर्थपूर्ण आहे, कारण विद्यापीठाचा कारभार हे आता ‘व्यवस्थापन’ मानले जाऊ लागले होते. ‘बीसीयूडी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ आणि त्याचा संचालक यांच्याकडे महाविद्यालयांची संलग्नता आणि विकास यांची बरीच सत्ता एकवटली. अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख, मात्र तेव्हाही विद्याशाखेच्या सदस्यांतूनच निवडून येत असे. पुढे डॉ. अरुण निगवेकर, डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी उच्च शिक्षणाच्या फेररचनेबाबत अहवाल दिले, आणि बऱ्याच वादंगानंतर डिसेंबर 2016 मध्ये मंजूर झालेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम 1 मार्च 2017 पासून अमलात आला.

या कायद्याने अधिष्ठात्याची निवडणूक संपवली. चार विद्याशाखांचे अधिष्ठाते आता निवड समितीमार्फत पूर्णवेळ नेमले जातात. अभ्यासमंडळांतही नेमलेल्या सदस्यांचा भाग वाढला. अधिसभेत, म्हणजे सिनेटात, महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवडून येणाऱ्या दहा जागा ठेवल्या गेल्या आणि त्यांपैकी निम्म्या महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती व इतर मागासवर्ग यांच्यासाठी प्रत्येकी एक अशा राखीव झाल्या. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही सुधारणा मोलाची आहे. शंकरशेट आणि भाऊ दाजींच्या सभेपासून आजच्या सभेपर्यंतचे अंतर त्यात दिसते, आणि जुन्या खुल्या निवडणुकांतील पॅनलांनी हे अंतर स्वतःहून कधीच कापले नसते. प्राचार्यांच्या दहा, संस्थाचालकांच्या सहा, विद्यापीठाच्या विभागांतील अध्यापकांच्या तीन आणि नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा या अध्यापकांच्या जागांच्या बाजूला ठेवून पाहिल्या तर आकडे वाईट दिसत नाहीत. मुंबई विद्यापीठाशी मात्र आठशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत, आणि ती सर्व या दहा जागांमधून बोलणार असतात. शिवाय अधिसभा वर्षातून किमान दोनदा भरते आणि तिच्यापुढे येतात ते अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षणाचे विषय. धोरण आणि नेमणुका यांचा प्रत्यक्ष निकाल व्यवस्थापन परिषदेत लागतो, जिथे अधिसभेकडून निवडून गेलेले अध्यापक दोन असतात. 1857 चे फेलो संख्येने कितीही असले आणि कामात कितीही उदासीन असले तरी कायद्याने त्यांच्या सभेकडे संपूर्ण विद्यापीठाचा कारभार होता. अध्यापकाला मत मिळत गेले तसतशी ती सभा रिकामी होत गेली, हे या इतिहासाचे सर्वांत न बोलले गेलेले सूत्र आहे.

सरकार आणि विद्यापीठ यांच्यातील जुनी ओढाताण अलीकडच्या काळातही संपलेली नाही. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्ती विधेयकाने उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करण्याची आणि कुलगुरूंच्या निवडीत राज्य सरकारचा वाटा वाढवण्याची तरतूद केली होती; सरकार बदलल्यानंतर ते विधेयक मागे घेण्यात आले. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची नोंदणीकृत पदवीधर गटाची निवडणूक 2023 मध्ये जाहीर होऊन ऐनवेळी स्थगित झाली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती 24 सप्टेंबर 2024 रोजी पार पडली. फिरोजशहांच्या काळाप्रमाणेच सिनेटच्या घडणीचा निकाल लागण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला नवी वाटणार नाही.

नवी गोष्ट दुसरीच आहे, आणि तिची चर्चा अधिसभेच्या बातम्यांत फारशी होत नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पूर्णवेळ पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिल्याने अध्यापनाचा मोठा भाग ‘तासिका तत्त्वावर’, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, अध्यापकांकडून करून घेतला जातो. ही माणसे पेपर काढतात, उत्तरपत्रिका तपासतात, बदललेला अभ्यासक्रम पहिल्यांदा वर्गात उभा राहून शिकवतात. कायद्याच्या व्याख्येनुसार ‘अध्यापक’ म्हणजे विद्यापीठाची मान्यता असलेला, नियमित नेमणुकीचा, पूर्णवेळ अध्यापक. म्हणून अधिसभेच्या अध्यापक मतदारसंघाच्या यादीत त्यांचे नाव नसते.